अडलेला संगणक आणि नऊचा ताळा

तयार संगणक विकत घेण्याऐवजी सुटे भाग आणून जुळणी करण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रूढ आहे. अशा संगणकाला बोलीत ‘असेंबल्ड’ म्हणतात. समजा, सेलूच्या किंवा गंगाखेडच्या एखाद्या शाळेने थोडी वर्गणी जमवून असा एक संगणक जुळवला. कळ दाबली, पंखे फिरले, पडदा उजळला. मग ऑपरेटिंग सिस्टिम घालण्याचे काम सुरू झाले आणि ते अर्ध्यावरच थांबले. पडद्यावर कोणालाही न कळणारा संदेश आला. एकजण म्हणाला, “मदरबोर्ड गेला.” दुसरा म्हणाला, “डिस्क बदला.” तिसऱ्याने नवी रॅम आणायला सांगितले. तिन्ही सल्ल्यांना पैसे लागतात आणि वर्गणी दुसऱ्यांदा मागता येत नाही.

हा प्रश्न काल्पनिक असला तरी दूरचा नाही. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुन्या संगणकांवर नवी प्रणाली घालण्याची वेळ अनेकांवर आली. म्हणून अशा वेळी दोष कसा शोधायचा ते पाहू. त्यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान तुमच्या विज्ञानाच्या आणि गणिताच्या पुस्तकांतच आहे.

आधी काय, मग काय?

संगणक कळ दाबल्याबरोबर एकदम ‘सुरू’ होत नाही. त्याचे काम साखळीसारखे चालते. प्रथम वीजपुरवठा स्थिर होतो. मग मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमचा साठवलेला लहानसा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणत, नव्यांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. हा प्रोग्रॅम रॅम, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो आणि पेन ड्राइव्हवरील स्थापनेचा प्रोग्रॅम रॅममध्ये आणतो. तो प्रोग्रॅम पुढे ऑपरेटिंग सिस्टिमच्या हजारो फायली उलगडून डिस्कवर लिहितो.

साखळीची ही क्रमवारी फार उपयोगाची आहे. पडद्यावर स्थापनेचे चित्र दिसले, म्हणजे आधीच्या कड्या निदान तेवढ्यापुरत्या तरी जोडल्या गेल्या. पण एक सावधगिरी बाळगा. साखळी जिथे तुटलेली दिसते तिथेच दोष असतो असे नाही. डिस्कवर लिहिताना काम थांबले, तरी दोष रॅममध्ये किंवा पेन ड्राइव्हमध्येही असू शकतो.

लहान यंत्रापासून सुरुवात

मग सुरुवात कोठून करावी? याचे उत्तम उदाहरण मुंबईत घडले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने भारतात पहिल्या पिढीचा संगणक बांधला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० डायोड आणि १२,५०० रोधक होते. एवढे भाग एकदम जोडले असते आणि यंत्र चालले नसते, तर दोष शोधायचा कोठे? त्यांनी प्रथम एक छोटे प्रायोगिक यंत्र उभे केले. ते १९५६ मध्ये तयार झाले. त्यावर कल्पना पारखून घेतल्यावर मोठे यंत्र बांधले आणि १९६० मध्ये ते कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने फक्त १० किलोबाइट. आजच्या अर्थाची ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर नव्हती. तरीही दोष शोधण्याची त्यांची रीत आपल्याला जशीच्या तशी वापरता येते.

तुमच्या असेंबल्ड संगणकातून प्रिंटर, जादा डिस्क, जादा कार्डे काढून ठेवा. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी, एक डिस्क, कीबोर्ड आणि पडदा एवढेच ठेवा. ज्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नसते, त्याला मात्र ग्राफिक कार्ड लागतेच. हे लहान यंत्र चालले, तर काढलेले भाग एकेक करून परत जोडा. एका वेळी एकच भाग बदला. प्रयोगशाळेत लंबकाचा दोलनकाल मोजताना आपण लांबी आणि वजन एकदम बदलतो का? दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर परिणाम कशाचा ते सांगता येत नाही.

येथे एक सूचना आवर्जून पाळा. काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढा, भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या धातूच्या भागाला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युतभार निघून जाऊ द्या. पॉवर सप्लायची डबी मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यातील संधारित्रांत धोकादायक भार शिल्लक राहू शकतो.

पुन्हा करून पाहा

स्थापना एकदा फसली की बहुतेक जण लगेच भाग बदलू लागतात. तुम्ही तसे करू नका. तीच कृती, काहीही न बदलता, आणखी दोनदा करा आणि काम किती टक्क्यांवर थांबते ते वहीत लिहा.

भौतिकशास्त्रात मापनाच्या त्रुटी दोन प्रकारच्या मानतात. ठरावीक दिशेने येणारी ती व्यवस्थित त्रुटी आणि कशीही येणारी ती यादृच्छिक त्रुटी. येथेही तसेच आहे. काम तिन्ही वेळा ३७ टक्क्यांवरच अडले, तर पेन ड्राइव्हवरील एखादी फाईल किंवा डिस्कचा एखादा भाग खराब असण्याचा संशय घ्यावा. एकदा १२, एकदा ५८, एकदा ३१ टक्क्यांवर अडले, तर रॅम, उष्णता किंवा वीजपुरवठा यांच्याकडे पाहावे. हा पुरावा अंतिम नव्हे, पण पुढचे पाऊल कोणत्या दिशेने टाकायचे ते त्यावरून कळते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

ताळा जुळतो का?

पेन ड्राइव्ह तपासायचा कसा? तुमच्या आजोबांना गुणाकार तपासायची एक युक्ती नक्की माहीत असेल, ती म्हणजे नऊचा ताळा. ४७ गुणिले २३ बरोबर १,०८१. आता ४७ च्या अंकांची बेरीज ११, म्हणजे २. २३ च्या अंकांची बेरीज ५. दोन पाचे दहा, म्हणजे १. इकडे १,०८१ च्या अंकांची बेरीज १०, म्हणजे १. ताळा जुळला!

संगणकाच्या फायलींचाही असाच ताळा काढतात. इंटरनेटवरून लिनक्सची फाईल उतरवून घेताना वीज गेली किंवा जोडणी तुटली, तर फाईल अपुरी राहू शकते. म्हणून ती देणाऱ्या संस्था फाईलसोबत तिचा ताळाही प्रसिद्ध करतात. आपण उतरवलेल्या फाईलचा ताळा काढून दोन्ही ताडून पाहायचे. त्यासाठीची आज्ञा विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीपासूनच असते.

पण नऊच्या ताळ्यात एक उणीव आहे. १,०८१ ऐवजी चुकून १,८०१ लिहिले, तरी ताळा जुळतोच! अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही. संगणकासाठी वापरला जाणारा एसएचए-२५६ हा ताळा याहून फार कडक आहे. तो २५६ बिटांचा असतो आणि ६४ चिन्हांत लिहितात. फाईलमध्ये एक बिट जरी बदलला, तरी सारा ताळा पार बदलून जातो. फाईल बरोबर निघाली, तरी पेन ड्राइव्हवर लिहिताना चूक होऊ शकते. अनेक लिनक्स प्रणालींत पेन ड्राइव्ह तपासून घेण्याचा पर्याय सुरुवातीलाच मिळतो, तो वापरावा.

गळक्या घागरी

आता रॅम. ८ गिगाबाइटच्या रॅममध्ये सुमारे ६,८७२ कोटी बिट असतात. प्रत्येक बिटासाठी एक अतिसूक्ष्म संधारित्र असते. भार असेल तर १, नसेल तर ०. पण हे संधारित्र म्हणजे गळकी घागर. त्यातील भार सतत पाझरतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. एखादी घागर जास्त गळकी निघाली, तर तिथला १ हा ० होतो. एरवी ते लक्षातही येत नाही. मात्र स्थापनेच्या फायली दाबून लहान केलेल्या असतात. त्या उलगडताना एक बिट चुकला, तरी पुढचा मजकूर बिघडतो, ताळा जुळत नाही आणि काम थांबते.

मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून थेट चालतो. तो रॅममध्ये ठरावीक नमुने लिहून परत वाचतो. त्याने चूक दाखवली तर घाई न करता पट्टी काढून नीट बसवा आणि पुन्हा पाहा. तरीही चूक राहिली, तर पट्टी दुसऱ्या खाचेत घाला. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी सदोष. पट्टी कोणतीही असो, चूक त्याच खाचेत राहिली तर संशय मदरबोर्डवर.

घड्याळ, ऊन आणि नकाशा

काही दोष फारच अनपेक्षित ठिकाणी असतात. जुन्या मदरबोर्डवर नाण्याएवढी ३ व्होल्टची एक बॅटरी असते. ती संपली की प्लग काढताच संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग इंटरनेटवरून फायली आणताना सुरक्षा-प्रमाणपत्रे ‘अजून लागूच झालेली नाहीत’ असे ठरते आणि स्थापना फसते. शाळेतील मल्टिमीटरने ही बॅटरी तपासता येते.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यात परभणीत पारा ४० अंशांच्या पुढे जातो. प्रोसेसर त्याच्या कामाच्या वेळी खोलीपेक्षा ४५ अंशांनी तापत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ७० अंशांवर राहील, पण ४२ अंशांच्या खोलीत ८७ वर जाईल. प्रोसेसर आणि त्याचा उष्णताशोषक यांच्यामध्ये उष्णतावाहक लेप नीट लावलेला नसेल, तर मधली हवा उष्णता अडवते, तापमान आणखी चढते आणि संगणक स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. दुपारी फसणारी स्थापना पहाटे पार पडली, तर हा मुद्दा आठवा.

तिसरी गोष्ट डिस्कच्या नकाशाची. एमबीआर या जुन्या पद्धतीत जागेचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. म्हणून ४,२९,४९,६७,२९६ जागा आणि प्रत्येकीत ५१२ बाइट, म्हणजे २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट, ही तिची मर्यादा. त्यापुढे जाण्यासाठी जीपीटी ही नवी पद्धत आली. पेन ड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाला आणि डिस्कवर जीपीटी नकाशा असला, तर विंडोज स्थापनेला नकार देते. येथे काहीच बिघडलेले नसते. सेटिंगमध्ये यूईएफआय पद्धत निवडून पेन ड्राइव्ह पुन्हा सुरू करायचा. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही पुष्कळदा संगणकात असते, पण सेटिंगमध्ये बंद ठेवलेली असते.

अशा वेळी ‘सगळी डिस्क पुसून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. डिस्क नवी कोरी असेल तर हरकत नाही. पण जुनी डिस्क बसवली असेल, तर तिच्यावर शाळेचे निकाल, दाखल्यांच्या नोंदी, छायाचित्रे असू शकतात. नवा भाग पैसे देऊन मिळेल, दहा वर्षांपूर्वीच्या नोंदी मिळणार नाहीत. अनेक लिनक्स प्रणाली स्थापना न करता थेट पेन ड्राइव्हवरून चालवता येतात. तशी एखादी सुरू करून आधी सर्व नोंदी दुसऱ्या डिस्कवर उतरवा, त्या उघडतात का ते पाहा, आणि मगच जुनी डिस्क पुसा.

आता एक उद्योग करा. शाळेतील संगणकाशेजारी एक वही ठेवा. तिच्यात पाच रकाने आखा: तारीख व वेळ, खोलीचे तापमान, काय बदलले, काय घडले, पडद्यावरील संदेश. संदेश शब्दशः उतरवा. दहा-बारा नोंदी झाल्या की वर्गात मोठ्याने वाचा आणि कोणता भाग निर्दोष ठरला, कोणावर संशय उरला, याची फळ्यावर यादी करा. नवा भाग आणायचा की नाही, हे त्या यादीवरून मुख्याध्यापकांना सांगा.