जाळीतून निसटणारा घाट

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटरवर पुण्याच्या शिवाजीनगरात त्याच्या पाव हिस्साही पडत नाही. पुण्यातल्याच पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मॉन्सूनची संगणकीय प्रारूपे रचणाऱ्यांची कसोटी लागते ती इथेच.

वारा, दाब, तापमान, बाष्प यांची समीकरणे ठाऊक आहेत, पण त्यांचे नेमके उत्तर कागदावर निघत नाही. म्हणून वातावरणावर जाळी टाकायची, प्रत्येक चौकटीला एकेक सरासरी आकडा द्यायचा आणि काही मिनिटांच्या टप्प्याटप्प्याने पुढे सरकायचे. खोपोली ते लोणावळा सरळ रेषेत दहा किलोमीटरही नाही, चढ मात्र साडेपाचशे मीटरांचा. बारा किलोमीटरच्या चौकटीत हा अख्खा बोरघाट सरासरीत बुडतो. भिंतीचा उतार होतो, बाष्पाने भरलेला वारा हळूहळू वर चढतो आणि पाऊस भलतीकडेच पडतो.

मग चौकट लहान का करत नाहीत? 1928 साली कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी एक अट सिद्ध केली. प्रचलित सोप्या पद्धतींत एका टप्प्यात लाट साधारण एका चौकटीपलीकडे जाता कामा नये, नाहीतर आकडे भडकतात आणि उत्तर निरर्थक होते. म्हणजे चौकट निम्मी केली की बिंदू चौपट, टप्पे दुप्पट. एकूण आकडेमोड आठपट!

2024 मध्ये संस्थेत ‘अर्क’ हा महासंगणक आला. मे 2025 मध्ये सहा किलोमीटरच्या जाळीची ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ सुरू झाली. मला मात्र यंत्राच्या वेगापेक्षा त्यामागचे गणित मोलाचे वाटते. कात्रजवर दाटून येणारा दोन-तीन किलोमीटरचा ढग सहाच्या चौकटीतही मावून दिसेनासा होतो. चौकटीच्या सरासरी दमटपणावरून अशा न दिसणाऱ्या ढगांचा परिणाम अंदाजावा लागतो, आणि अवघड संशोधन तिथेच आहे.

जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणाच्या विसर्गाने पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. खडकवासला धरणसाखळीतले टेमघर धरण घाटमाथ्याला खेटून आहे. पाऊस दहा-पंधरा किलोमीटर पश्चिमेला दाखवला गेला, तर प्रारूपातले पाणी धरणात न येता कोकणात उतरते आणि दरवाजे कधी उघडायचे हे ठरवणाऱ्या अभियंत्याच्या हाती चुकीचा आकडा पडतो.