पुढच्या ब्रेकची भीती

मोटारगाडी शिकायची असेल तर आपल्याकडे माणूस ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरतो. मोटारसायकल मात्र घरच्या घरीच शिकायची असते. थोरला भाऊ, मामा, शेजारचा दादा, फार तर ओळखीचा गॅरेजवाला, हे तिचे गुरुजन. गुरुदक्षिणा म्हणजे पेट्रोल आणि वर एक वडापाव. मीरा-भाईंदरमधल्या काशीगावासारख्या ठिकाणी हे विद्यालय भरते ते रविवारी सकाळी. गावठाणातल्या गल्ल्या अरुंद, म्हणून नव्या संकुलांसाठी आखलेला, अजून वर्दळ सुरू न झालेला एखादा रस्ता गाठायचा. शिष्य पुढे, गुरुजी मागे. "क्लच सोड... हळू सोड... अरे, हळू म्हटलं ना!" तोवर गाडीने बेडकासारखी उडी मारून मान टाकलेली असते.

छोटी मोटारसायकल आपल्याकडे तशी उशिरा आली. १९८० च्या सुमाराला मोटारसायकल म्हणजे बुलेट, राजदूत किंवा येझदी. लेच्यापेच्याने हात लावू नये अशा गाड्या. १९७२ पासून फिरोदियांची लूना होती, पण तिला क्लच दाबायचा नव्हता की गिअर टाकायचा नव्हता. मग १९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांत जपानी कंपन्यांच्या सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या एकामागोमाग बाजारात आल्या. इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज. शंभर-एकशे दहा किलोची, एका पायावर तोलून धरता येईल अशी ही मोटारसायकल मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली आणि घराघरात गुरुजी तयार झाले. आज पहिली गाडी घेणाऱ्या कित्येक मुलांच्या डोळ्यांपुढे कॉलेज नसते, काम असते. घरपोच जेवण किंवा पार्सल पोहोचवायचे तर गाडी यायलाच हवी, आणि तीही चार दिवसांत.

सगळ्यात आधी अडते ते क्लचपाशी. खरे तर तो समजावून कोणी सांगत नाही. क्लच हा इंजिन आणि मागचे चाक यांच्यातला दुवा. आत तेलात बुडालेल्या चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात. डाव्या हाताने लिव्हर दाबला की त्या सुट्या होतात. सोडताना मध्येच एक जागा येते, जिथे त्या घासत घासत एकमेकींना धरू लागतात. इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो, गाडी पुढे ओढ घेते. यालाच सगळे 'हाफ क्लच' म्हणतात. ही जागा हाताला सापडली की निम्मी विद्या आली. त्यासाठी अर्धा तास रेस न देता, सपाट जागी, दोन्ही पाय जमिनीलगत ठेवून नुसत्या क्लचवर गाडी माणसाच्या चालीने सरकवत राहावी. कंटाळवाणे काम आहे, म्हणून कोणी करत नाही. गिअरचे कोडे त्या मानाने सोपे. हिरो होंडाच्या जुन्या गाड्यांत चारही गिअर पुढे दाबायचे, काही गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. मामाच्या गाडीवर शिकून दादाची गाडी घेतली की पाय गोंधळतो, एवढेच.

तोलाचे नवशिक्याला उगाच भय वाटते. चालती दुचाकी बरीचशी स्वतःच स्वतःला सावरते. ती कशामुळे, यावर शास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे वाद घालत आले आहेत. चाकांच्या भिंगरीमुळे, असे पूर्वी छातीठोकपणे सांगितले जाई. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पाच संशोधकांनी दाखवून दिले की भिंगरीचा परिणाम काढून टाकला तरी दुचाकी सावरू शकते, कारण पडू लागली की ती आपोआप त्याच बाजूला वळते. वेग अगदी कमी झाला की मात्र ही मेहेरबानी संपते. म्हणून खरे कसब वेगात नाही, सावकाश चालवण्यात आहे.

इथपर्यंत आपले घरगुती विद्यालय बरे चालते. गाडी सुरू झाली, चौथा गिअर पडला, वळण घेता आले की गुरुजी शाबासकी देतात आणि शिकवणी संपते. जाता जाता एक मंत्र मात्र हमखास कानात सांगितला जातो, "पुढचा ब्रेक मारू नको हं, तोंडावर पडशील." माझ्या मते या एका वाक्याने जेवढे नुकसान केले असेल तेवढे खड्ड्यांनीही केले नसेल.

बसने करकचून ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे ढकलले जातात. मोटारसायकलचेही तेच. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, ते रस्ता घट्ट धरते आणि मागचे हलके होते. हलक्या झालेल्या चाकावर नुसता पाय दाबला की ते लॉक होऊन फरफटते. कोरड्या रस्त्यावर केवळ मागच्या ब्रेकने थांबायला दोन्ही ब्रेकच्या जवळजवळ दुप्पट अंतर लागू शकते. भीती पूर्ण खोटी नाही. वाळूवर, ओल्या रस्त्यावर, ऐन वळणात किंवा घाबरून झटक्याने पुढचा ब्रेक आवळला तर गाडी खाली घेते. पण त्यावर उपाय तो वापरणे सोडण्याचा नाही. सरळ गाडीवर, लिंबू पिळावे तसा दाब वाढवत नेण्याची सवय करायची.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. ऐन वेळी ते मागचे चाक लॉक करत आणि पुढचा ब्रेक पुरेसा लावत नसत. म्हणजे दादा तिथेही होतेच! आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यात शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोड-ब्रेक सक्तीचा झाला. मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. घरोघरच्या गुरुजींचा मंत्र ओळखूनच जणू हा नियम केला असावा. पण थोडाच लागतो, पुरता नाही, आणि शिकायला मिळते ती गाडी बहुधा जुनीच असते.

काशीगावात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेला मीरा रोड-भाईंदरची वस्ती आणि मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग. मोकळ्या रस्त्यावरून बाहेर पडलेला शिकाऊ पाच-दहा मिनिटांत ट्रकांच्या आणि कंटेनरच्या रांगेत असतो. ताशी ४० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते. समोरचा थांबला हे लक्षात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते.

कायद्याने सोय केली आहे, पण तिची गंमत पाहा. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते, गाडीला पांढऱ्या पाटीवर तांबडा 'एल' लावायचा, आणि मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणाला बसवायचे नाही. शिकवणाऱ्याने गाडी थांबवता येईल अशा जागी बसावे, असेही नियम म्हणतो. मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून ओरडण्याखेरीज काय थांबवता येते, ते नियमकर्तेच जाणोत! तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. १९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या यादीत, अचानक प्रसंगी गाडी थांबवता येणे हेही आहे. लोकांच्या लक्षात राहतो तो पाय न टेकता काढायचा आठचा आकडा.

तेव्हा पुढच्या रविवारी एक तास जादा काढावा. हेल्मेटचा पट्टा आवळून, कोरड्या मोकळ्या रस्त्यावर एका कडेला खुणेची चप्पल ठेवावी. ताशी वीसच्या वेगाने सरळ येऊन चपलेपाशी दोन्ही ब्रेक दाबत थांबावे, क्लच अगदी शेवटी दाबावा, डावा पाय टेकावा. दहा वेळा झाले की वेग तीसवर न्यावा. मग मागे बसणाऱ्या दादांनी स्वतः गाडी घ्यावी. एकदा नुसत्या मागच्या ब्रेकने थांबावे, एकदा दोन्हींनी, आणि चपलेपासूनची पावले मोजावीत. कित्येक दादांची ही पहिलीच मोजणी असेल.