जाळ आणि आर

दिवाळी सरली, फराळाचे डबे तळाला गेले की माझी आई हुलगे भाजायला घ्यायची. आमचं गाव खटाव तालुक्यातलं, येरळेच्या खोऱ्यातलं. शेत तीन एकर. त्यातलं एक विहिरीखालचं, उरलेलं पावसाच्या भरवशावरचं. हुलगे, म्हणजे कोकणात ज्यांना कुळीथ म्हणतात ते, मंद आचेवर खरपूस भाजायचे, जात्यावर भरडून टरफलं पाखडायची आणि दळून पीठ डब्यात भरायचं. संक्रांत उलटेपर्यंत त्या डब्यातून आठवड्याला दोन-तीनदा शेंगोळे, मधूनच पिठलं आणि कुणाला खोकला झाला की गूळ घातलेलं माडगं निघायचं. अख्ख्या हुलग्याची उसळ मात्र वर्षातून एखादवेळच.

लग्न होऊन मी वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या घरी आले. तिथली थंडी निराळीच होती. सासूबाई सकाळी पातेलंभर पावटे नाहीतर अख्खा मसूर चुलीवर चढवायच्या आणि ते जेवणवेळेपर्यंत रटरटत असायचं. शेंगोळे त्यांना ठाऊक होते, पण ते त्यांच्या लेखी दुष्काळी मुलखाचं खाणं. मलाही पुष्कळ वर्षं वाटत होतं की हा फरक पिकांचा आणि ऐपतीचा आहे. तो तसा आहेही, पण तेवढंच कारण नाही. दोन्ही घरच्या चुलींत काय जळत होतं, याचा हिशेब मांडायला लागल्यावर ताटातल्या पुष्कळ गोष्टी उलगडत गेल्या.

हुलगा रात्रभर भिजवला तरी लवकर शिजत नाही. त्याचं साल कठीण. उसळ शिजवायची तर चूल दोन तास तरी धगधगत ठेवावी लागते. तेच भाजलेलं पीठ असेल तर शेंगोळे पंधरा-वीस मिनिटांत होतात. पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, घट्ट मळायचं, हातावर वळून कडी करायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. पिठानंच रस्सा दाटतो, वेगळं वाटण लागत नाही. महिन्याभराचे हुलगे एकाच जाळावर भाजून घेतले की पुढे रोजचं सरपण वाचतं. झुणका, पिठलं, शेंगोळे, माडगं, कण्या ही माणदेशाची आणि खटावची थंडीतली यादी पाहिली तर बहुतेक पदार्थ पिठाचे किंवा भरडीचे आहेत. ज्या मुलखात झाड नाही, तिथं शिजवण्याचं निम्मं काम जात्यानं करून ठेवायचं, अशी ती व्यवस्था होती. अर्थात जातं ओढायला बाई लागते, आणि तिचे कष्ट कुठल्या सरपणाच्या हिशेबात धरलेले नसतात.

सातारा जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत गेला की हे चित्र स्वच्छ दिसतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत दहिवडीकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. जावळी-पाटणच्या डोंगरात लाकूडफाटा आहे. तिथं नाचणी, वरी आणि शेगडीभोवती बसून खायचे पावटे. मधल्या कृष्णा-कोयनेच्या पट्ट्यात ऊस, म्हणून चिपाड आणि पाचट. पूर्वेला माण, खटाव आणि पुढे सांगली जिल्ह्यातले आटपाडी, जत. तिथं सरपण म्हणजे शेतातून जे उरेल ते. थंडी तिन्हीकडे तीच, चूल मात्र तीन तऱ्हेची.

आमच्याकडे काय उरायचं? बाजरीत पाट्यानं पेरलेली तूर पौषाच्या आगेमागे निघायची, तिच्या तुरकाट्या. करडईची काटकं. ज्वारी काढल्यावर खणून आणलेली धसकटं. पण ती फाल्गुनानंतरची. आणि शेणी. कडबा कधीच नाही. कडबा जाळणं म्हणजे बैलाच्या तोंडचा घास काढून घेणं. शेणीतही ओढाताण होतीच. पावसाळा संपला की परड्यात शेणी थापून हुडवा रचायचा, आणि वडील दरवर्षी कुरकुरायचे की तेवढं शेण उकिरड्यात गेलं असतं तर रानाला खत झालं असतं. आई म्हणायची, “मग रानातच जेवा, भाकरी नगा मागू.”

या सरपणाचे स्वभाव वेगवेगळे आणि बायकांना ते बोटांवर पाठ. तुरकाटी भर्रकन पेटते, मोठा जाळ देते आणि विझते. शेणीला जाळ जवळपास नाही, पण तिचा आर तासन्तास टिकतो. भाकरीला दोन्ही लागतात. तव्यावर असताना खाली जाळ हवा. पाणी फिरवून उलटली, दुसऱ्या बाजूनं भाजली की तवा उतरून ती चुलीच्या तोंडाशी आराला उभी करायची, तेव्हा ती टम्म फुगते. म्हणून आई आधी तुरकाट्या सारायची आणि मागून शेणीचा तुकडा. दूध तापवायला वैल, म्हणजे चुलीचं बाजूचं भोक. तिथं आतून येणाऱ्या धगीवर म्हशीचं दूध सकाळभर तापत राहायचं आणि भाकरीएवढी जाड साय यायची. वांगं भाजायचं, लसूण भाजायचा तर फक्त आर. जाळावर वांगं वरून करपतं आणि आत कच्चं राहतं.

चिपाडाचं नेमकं उलटं. उसाचं वाळलेलं चिपाड कागदासारखं पेटतं, जाळ भलामोठा, आणि मागे राख. आर नाहीच. त्यामुळे कृष्णाकाठची वांगी एवढी नावाजलेली, पण भरताचं वांगं भाजायला सासूबाई शेणी मागायला शेजारी जायच्या, हे मला सुरुवातीला मोठं नवल वाटलं होतं. चिपाड मात्र फुकट आणि भरपूर, म्हणून उकळत ठेवायच्या पदार्थांना तिथं कसलीच आडकाठी नव्हती.

चिपाडाचा खरा थाट पाहायचा तो गुऱ्हाळात. कराड, शिराळा, वाळवा या भागात थंडीत गुऱ्हाळं धडधडायची. शंभर किलो उसातून दहा-बारा किलो गूळ होतो. म्हणजे सुमारे पन्नास लिटर पाणी वाफ करून उडवायचं असतं. एवढं जळण बाहेरून आणायचं ठरवलं तर गूळ सोन्याच्या भावानं विकावा लागेल. पण उसाचा रस आटवायला उसाचंच चिपाड पुरतं. चरकातून निघालेलं चिपाड उन्हात पसरायचं आणि वाळलं की चुलाणात. (लोखंडी चरक या भागात पोचवण्यात किर्लोस्करवाडीचा वाटा मोठा. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर वसलेला तो कारखाना आपल्या वाचकांना मासिकांमुळे आठवतो. शेतकऱ्याला तो नांगर आणि चरकामुळे आठवायचा.) काहिलीतल्या रसाची मळी काढणं, उकळी जोखणं हे गुळव्याचं काम. एकशे पाच-सहा अंशांच्या सुमाराला उतरवली तर काकवी, एकशे अठराच्या पुढे नेली तर ढेप धरणारा गूळ. गुळव्याकडे तापमापक नसतो. तो थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी पाहतो. आम्ही पोरंबाळं घेऊन जायचो ते रताळी फडक्यात बांधून काहिलीत सोडायला, आणि तितकंच चुलाणाच्या तोंडाशी शेकायला.

हे शेकणं मला या साऱ्याचा गाभा वाटतं. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास असते, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे दहातली नऊ भाग उष्णता भांड्याला लागतच नाही, वाया जाते. गणित बरोबर आहे. पण ते उन्हाळ्यातलं गणित आहे. थंडीत आमच्या घरात ती नऊ भाग उष्णता कामाला होती. पहाटे चुलीपाशी भावंडं दाटीवाटीनं बसायची. थंडीत दही लागत नाही, म्हणून विरजणाचं भांडं चुलीच्या भिंतीला टेकवलेलं. वर आढ्याला पुढच्या पेरणीची ज्वारीची कणसं आणि लसणाच्या जुड्या टांगलेल्या. धुरानं त्यांना कीड लागत नसे. ओलसर शेणी चुलीमागे वाळत. घरात बाळंतीण असली की त्यातलाच आर घमेल्यात काढून बाजेखाली सरकवायचा. जळण एक आणि कामं सात-आठ. शेंगोळे हा त्या जळणाचा फक्त एक भाग होता.

बाजरीचंही असंच. बाजरी उष्ण म्हणून थंडीत खायची, असं सगळेच सांगतात. आणखी एक साधं कारण आहे. बाजरीत ज्वारीपेक्षा तेलाचा अंश जास्त, त्यामुळे तिचं पीठ काही दिवसांत कडू होतं; थंडीत ते जास्त टिकतं. खरिपाची बाजरी दिवाळीच्या आत घरात आलेली असते, रब्बीची ज्वारी अजून रानात उभी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि गाजर, पावटा, ओला हरभरा, वांगं घातलेलं खेंगट हे त्या आठवड्यात रानात काय आहे, याची जवळजवळ मोजदादच असते. त्याच सुमाराला ज्वारी दुधाळ होते आणि हुरड्याची आगटी पेटते. दाण्यातली साखर पुरती पिठूळ व्हायच्या आतले ते थोडेच दिवस. आगटीतही शेणीचाच आर. जाळावर हुरडा होत नाही, नुसता जळतो.

धुराकडे आता वळायलाच हवं. १९८३ साली सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि काही वर्षांनी आमच्याही घरी धुराडं असलेली निर्धूर चूल आली. महिन्याभरात आईनं तिचं तोंड विळ्यानं खरवडून मोठं केलं. का, तर भाकरी उभी करायला जागा नव्हती. तोंड मोठं झालं आणि धूर पुन्हा घरात आला. त्या वेळी मी शिकलेली म्हणून तिला अडाणी ठरवून मोकळी झाले. आता वाटतं, ज्यांनी ती चूल आखली त्यांनी भांड्यात जाणारी उष्णता मोजली होती, भाकरी मोजली नव्हती.

आमच्याच जिल्ह्यात फलटणला या प्रश्नावर चांगली डोकी झिजली आहेत. निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून तिथं आहे. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी गोड ज्वारीच्या ताटातल्या रसापासून मद्यार्क आणि त्यावर चालणारी शेगडी यांवर काम केलं. दाणा भाकरीला, ताटाचा रस शेगडीला, ही कल्पना मला फार आवडते. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं शेतात नुसतंच पेटवून दिलं जाणारं पाचट भट्टीत कोळसवून त्याच्या कांड्या केल्या. त्या कामाला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. नीट पाहिलं तर ही जाळाचा आर करण्याचीच युक्ती होती. सासूबाई जो आर शेजारी मागायला जात, तो त्यांच्याच रानात दरवर्षी दहा मिनिटांत जळून जात होता.

पण दोन्ही गोष्टी आमच्या घरापर्यंत पोचल्या नाहीत, पोचला गॅस. आधी भावानं घेतला, आणि २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून वस्तीवरच्या घरांतही आला. मधल्या काळात उरमोडीचं आणि जिहे-कठापूरचं पाणी माण-खटावकडे, टेंभूचं कडेगाव-आटपाडीकडे आलं. जिथं पाणी पोचलं तिथं ऊस आला, आणि तूर-हुलगा बांधाकडे सरकले. पाणी आलं याचं मला दुःख नाही. टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या बाईला कुणी ते सांगूही नये. मात्र आमच्या भावाच्या घरी हुलगा आता दुकानातून, अर्ध्या किलोच्या पिशवीत येतो.

आईला दम लागायला लागला तेव्हा ती पासष्टीची होती. तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी फुंकायला एक नळी दिली, कागदावर आकडे लिहिले आणि विचारलं, “चुलीपुढं किती वर्षं?” आईला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिनं बोटांवर मोजलं: नवव्या वर्षापासून. विडी-तंबाखूला कधी न शिवलेल्या बाईची फुप्फुसं विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसांसारखी झालेली होती. ज्या धुरानं आढ्यावरचं बियाणं राखलं, त्याच धुराचं हे काम. तेव्हापासून ‘चुलीवरचं’ अशा पाट्या महामार्गावरच्या ढाब्यांवर दिसल्या की मी कपाळाला आठ्या घालते. शेंगोळे गॅसवर तितकेच चांगले होतात, हे मी स्वतः शंभरदा करून पाहिलं आहे. धुराची चव म्हणतात ती बरीचशी आठवणीची चव असते.

गॅसवर होत नाही ते बाकीचं: विरजण, शेक, आंघोळीचं पाणी, भोवती बसणं. नव्या स्लॅबच्या घरात पौषातली सकाळ बोचरी लागते, आणि सिलिंडर पुरवून वापरायचा असल्यानं आंघोळीचं पाणी अजून परड्यात, पत्र्याखाली, तीन दगडांवरच तापतं. तिथं उघड्यावर धूर साठत नाही. गेल्या संक्रांतीला गेले तेव्हा आई तिथंच पोतं टाकून बसली होती, वाऱ्याची दिशा बघून, धुराच्या उलट बाजूला. भावजय हंड्याखाली पाचट सारत होती आणि ते भसाभस जळत होतं.

“आर न्हाई राहायचा ह्याचा,” आई म्हणाली. “पोरी, बघ बरं, कुणाकडं शेणी हाय का. दोन वांगी आणलीत मी.”