कंप्रता-स्मृती, हौशी रेडिओ संचातील

हौशी रेडिओ संचालकाच्या प्रेषग्राहीत (प्रेषण व ग्रहण या दोन्ही क्रिया करणाऱ्या संचात) विशिष्ट कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनांची संख्या) व तिच्याशी निगडित इतर मांडण्या साठवून ठेवण्याची आणि हव्या त्या वेळी त्या पुन्हा कार्यान्वित करण्याची जी सोय असते, तिला कंप्रता-स्मृती म्हणतात. अशा प्रत्येक नोंदीस संचालक ‘मेमरी चॅनल’ म्हणतात. ही सोय संचाच्या इलेक्ट्रॉनीय रचनेत झालेल्या एका मूलभूत बदलातून निर्माण झाली.

सुरुवातीच्या संचांत कंप्रता ही क्वॉर्ट्‌झच्या स्फटिकाने किंवा प्रवर्तक-धारित्र मंडलाने ठरत असे. स्फटिक अत्यंत स्थिर असला, तरी त्यापासून एकच मूळ कंप्रता मिळते. १९७० च्या दशकातील अतिउच्च कंप्रतेच्या अनेक संचांत म्हणूनच प्रत्येक मार्गिकेसाठी प्रेषणाचा एक व ग्रहणाचा एक असे दोन स्फटिक बसवावे लागत. दहा मार्गिका हव्या असल्यास वीस स्फटिक विकत घेणे भाग पडे; म्हणजे स्मृती होती, पण ती खिशाला जड होती. उलट, फिरत्या धारित्राच्या संचात हवी ती कंप्रता मिळे. मात्र तापमानानुसार ती सरकत असे आणि काल ऐकलेले केंद्र आज शोधण्यासाठी वहीतील नोंद व तबकडीवरील पेन्सिलीची खूण यांवरच भिस्त ठेवावी लागे.

कलाबंधित मंडलावर (फेज-लॉक्ड लूपवर) आधारलेल्या कंप्रता-संश्लेषकाने हे चित्र पालटले. यात विद्युत् दाबाने नियंत्रित होणाऱ्या आंदोलकाची कंप्रता एका पूर्णांकाने भागली जाते व भागाकाराची तुलना स्फटिकापासून मिळणाऱ्या संदर्भ कंप्रतेशी केली जाते. दोहोंत फरक आढळल्यास नियंत्रक दाब बदलून आंदोलक योग्य जागी आणला जातो. संदर्भ कंप्रता ५ किलोहर्ट्‌झ असेल आणि भाजक २९,१४० असेल, तर आंदोलक १४५.७०० मेगॅहर्ट्‌झवर स्थिरावतो. भाजक २९,०२० केल्यास १४५.१०० मेगॅहर्ट्‌झ मिळतात. म्हणजेच कंप्रता लक्षात ठेवणे म्हणजे एक संख्या लक्षात ठेवणे होय, आणि वरील भाजक द्विमान पद्धतीच्या अवघ्या १५ अंकांत मावतो. काही हातसंचांत ही संख्या अंकित चाकांनी मांडत असत. विद्युत् पुरवठा गेला, तरी चाके जागची हलत नसल्याने ती एक प्रकारची यांत्रिक स्मृतीच होती.

सूक्ष्मप्रक्रियक आल्यावर संख्या अर्धसंवाहक स्मृतीत साठविण्यात येऊ लागली. प्रारंभीची स्मृती पुरवठा बंद होताच पुसली जात असल्याने ती छोट्या लिथियम घटावर जागी ठेवीत. १९८० च्या दशकातील काही संचांत तर संचाच्या कार्यपद्धतीची आज्ञावलीही अशाच घटपोषित स्मृतीत होती. घट संपला की केवळ साठविलेल्या कंप्रताच नव्हे, तर सबंध संच निकामी होई. असे जुने संच आजही हौशी मंडळींच्या वापरात असल्याने घटाचे वय तपासणे अगत्याचे ठरते. नंतरच्या संचांत विद्युत् पुरवठ्यावाचून टिकणाऱ्या व विद्युतीय रीतीने पुसता येणाऱ्या स्मृती आल्या आणि ही अडचण मिटली.

स्मृतीतील नोंदीत केवळ कंप्रता असून भागत नाही. १० मेगॅहर्ट्‌झच्या खाली ध्वनिसंभाषणासाठी बहुधा खालचा पार्श्वपट्टा, तर वर वरचा पार्श्वपट्टा वापरण्याचा प्रघात असल्याने विरूपणाचा प्रकारही सोबत साठवावा लागतो. पुनःप्रेषक केंद्रासाठी तर नोंद आणखी भरगच्च असते. केंद्राचे प्रेषण १४५.७०० मेगॅहर्ट्‌झवर असेल, तर संचाने ६०० किलोहर्ट्‌झ खाली, म्हणजे १४५.१०० वर, प्रेषण करावयाचे व त्यात, उदा., ८८.५ हर्ट्‌झचा मंद स्वर मिसळावयाचा असतो. यांपैकी एक बाब चुकली, तरी केंद्र उघडत नाही आणि नवखा संचालक दोष आकाशकाला देत बसतो.

बहुतेक संचांत ‘अ’ व ‘ब’ असे दोन चल आंदोलक आणि त्यांखेरीज स्मृती अशी विभागणी असते. मेलनाने मिळालेली कंप्रता स्मृतीत नेता येते, तसेच स्मृतीतील कंप्रता चल आंदोलकात आणून तिच्या आसपास शोध घेता येतो. स्मृतीतून आणलेली कंप्रता चकतीने थोडी सरकविली, तरी मूळ नोंद सहसा अबाधित राहते. ती बदलण्यासाठी कळ काही काळ दाबून धरावी लागते. ही योजना नोंद अनवधानाने पुसली जाऊ नये म्हणून आहे.

स्मृतीची खरी उपयुक्तता ठराविक कंप्रतांवर चालणाऱ्या कामात दिसते. आंतरराष्ट्रीय दिपस्तंभ-केंद्रांची साखळी १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० व २८.२०० मेगॅहर्ट्‌झवर चालते. तिच्या वेळापत्रकात १८ केंद्रांना प्रत्येकी १० सेकंद असे तीन मिनिटांचे आवर्तन असून त्यात कोलंबोच्या केंद्राचाही समावेश आहे. या पाच नोंदी लागोपाठ चाळल्यास कोणत्या पट्ट्यावर कोणत्या दिशेचा मार्ग खुला आहे, ते थोड्याच वेळात उमगते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०२० मध्ये सुरू झालेल्या पुनःप्रेषकाची ग्रहणाची कंप्रता ४३७.८०० मेगॅहर्ट्‌झ; परंतु डॉप्लर परिणामामुळे स्थानक जवळ येताना ती सु. १० किलोहर्ट्‌झ वर व दूर जाताना तितकीच खाली भासते. म्हणून ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत ५ किलोहर्ट्‌झच्या अंतराने पाच नोंदी करून त्या क्रमाने वापरतात. एका हातात आकाशक धरलेल्या संचालकाला दहा मिनिटांच्या त्या भेटीत दुसरा उपाय सोयीचा नसतो.

स्मृतीच्या अचूकतेविषयी गैरसमज आढळतो. साठविलेली असते ती संख्या. प्रत्यक्ष कंप्रता संदर्भ स्फटिकावर अवलंबून राहते. स्फटिक दहा लाखांत २० भागांनी चळला, तर १४५ मेगॅहर्ट्‌झवर २.९ किलोहर्ट्‌झची चूक होते, आणि दर्शकावर मात्र आकडा तोच दिसतो. शिवाय स्मृतीत एखादी कंप्रता बसते म्हणून तीवर प्रेषणाचा अधिकार मिळत नाही. तो अनुज्ञप्तीतील पट्ट्यांपुरताच असतो. लघुतरंगांच्या पट्ट्यांत, जेथे ठरलेल्या मार्गिका नसतात, तेथे शेकडो नोंदींपेक्षा हाताने फिरविलेली चकतीच अधिक फलदायी ठरते.

आपत्तीच्या प्रसंगी मात्र स्मृतीस पर्याय नाही. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीच्या वेळी पोर्ट ब्लेअर येथे असलेल्या हौशी संचालकांनी अंदमानशी संपर्क राखला, तेव्हा नेहमीची संपर्कसाधने कोलमडली होती. आशिया-पॅसिफिक विभागासाठी हौशी संघटनांनी आणीबाणीकरिता ३.६००, ७.११०, १४.३००, १८.१६० व २१.३६० मेगॅहर्ट्‌झ ही केंद्रे सुचविली आहेत. काळोखात, घटाच्या तुटपुंज्या शक्तीवर व अपरिचित हातांनी चालवावयाच्या संचात ती आधीच नोंदलेली असावी लागतात. सर्व संचांच्या नोंदी एकाच क्रमांकाने ठेवल्यास ‘तीन क्रमांकावर या’ एवढा संदेश पुरतो. संगणकावरून नोंदी भरण्याच्या ‘चर्प’सारख्या आज्ञावलींमुळे एकच तक्ता वेगवेगळ्या बनावटींच्या संचांत उतरविता येतो, तक्त्याची छापील प्रत संचासोबत ठेवतात.