दोन पडद्यांवरील रंगांची जुळणी

एकाच हस्तलिखिताचे छायाचित्र दोन संगणकांवर पाहणाऱ्या अभ्यासकांपैकी एकास एखादे अक्षर हिंगुळाचे वाटावे व दुसऱ्यास तेच तपकिरी दिसावे, असा प्रसंग उद्भवू शकतो. मूळ लेखन कोणते व मागाहून केलेली दुरुस्ती कोणती, हे शाईवरून ठरवावयाचे असेल तर हा भेद क्षुल्लक नव्हे.

वस्तुतः संगणक पडद्याकडे रंग पाठवीत नाही. तांबडा, हिरवा व निळा या घटकांच्या संख्या पाठवितो. संख्या ही जणू लिपी आणि पडद्याचा प्रकाश हा तिचा उच्चार होय. लिपी एक असूनही उच्चार पडद्यागणिक बदलतो. कारण प्रत्येक पडद्याचे घटकरंग, पांढऱ्याची छटा व तेजस्विता निराळी असते.

हा भेद दोन टप्प्यांनी कमी करता येतो. पहिला टप्पा अंशशोधनाचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा. पडदे अर्धा तास चालू ठेवल्यावर रंगमापकाच्या साहाय्याने दोन्ही पडदे एकाच प्रमाणावर आणावयाचे: पांढरा सुमारे ६५०० केल्विन, गॅमा २.२ व तेजस्विता प्रति चौरस मीटर १२० कँडेला. एक पडदा तितका उजळ होत नसल्यास दुसराच मंद करावा लागतो. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक पडद्याचे वर्णन करणारी प्रोफाइल तयार होते. तिच्या आधारे रंगव्यवस्थापन करणारी प्रणाली मूळ संख्यांचे त्या त्या पडद्यासाठी रूपांतर करते. तथापि जो रंग पडद्याच्या कक्षेतच नाही, तो कोणत्याही रूपांतराने मिळत नाही.

एवढे करूनही दोन पांढरे रंग शेजारी ठेवता भिन्न भासतात. मापनाचा आधार असलेला १९३१ चा ‘प्रमाण निरीक्षक’ राइट व गिल्ड यांच्या प्रयोगांतील अवघ्या १७ व्यक्तींच्या दृष्टीची सरासरी आहे. पडद्यांचे प्रकाशस्रोत निरनिराळ्या जातीचे असले म्हणजे मापे समान असूनही प्रत्यक्ष डोळ्यास फरक जाणवतो. अशा वेळी एक पडदा आधारभूत मानून दुसऱ्याचा पांढरा दृष्टीने जुळवावा, त्याचे मापन करावे व तेच माप लक्ष्य धरून पुन्हा अंशशोधन करावे.

मात्र दोन पडद्यांचे एकमत म्हणजे मूळ हस्तलिखिताशी एकरूपता नव्हे. छायाचित्रात ज्ञात रंगांची पट्टी घेतलेली नसेल, तर जुळलेले पडदेही एकच चूक सांगतील. दोन प्रतींचा पाठ जुळला म्हणून तो मूळ पाठ ठरत नाही, हे पाठचिकित्सकास निराळे सांगावयास नकोच.