भात कमी करताना गोळ्यांकडेही बघा



लीड्सला राहूनही आमच्या ताटात कोकणच आहे. भात, नारळाच्या दुधातले माशाचे कालवण, शब्बाथला कोंबडी आणि सणाला गोडधोड. मधुमेह झाला की डॉक्टर सांगतात, "कार्बोहायड्रेट कमी करा." पण म्हणजे काय करायचे, आणि आपल्या वयात ते करताना काय सांभाळायचे?

कार्बोहायड्रेट म्हणजे पिष्ट आणि साखर. तांदूळ, गहू, पोहे, बटाटा जिभेला गोड लागत नाहीत, पण पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. टाइप २ मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ती साखर रक्तात साचून राहते.

इथून पश्चिमेला, समुद्रकाठच्या साउथपोर्ट गावात डॉ. डेव्हिड अन्विन यांनी रुग्णांना हे चमच्यांच्या हिशेबाने समजावले. १५० ग्रॅम शिजलेला बासमती भात रक्तातली साखर साधारण १० छोटे चमचे साखरेइतकी वाढवतो. त्यांच्या दवाखान्यात ज्या १८६ जणांनी हा आहार आपणहून निवडला, त्यांपैकी निम्म्यांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली, असे त्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केले. ज्यांचा मधुमेह एका वर्षाच्या आतला होता त्यांच्यात हे प्रमाण ७७ टक्के, तर १५ वर्षांहून जुना होता त्यांच्यात २० टक्के होते. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या गोळ्या सुटणार नाहीत, पण साखर आटोक्यात येऊ शकते.

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कार्बोहायड्रेट घेतले तर त्याला इथे 'लो कार्ब' म्हणतात. १५० ग्रॅम भातात सुमारे ४५ ग्रॅम असते, मध्यम चपातीत सुमारे २०. मासे आणि कोंबडीत जवळजवळ काही नाही, अंड्यात नावापुरते. तेव्हा कालवण तेच ठेवावे, भात अर्धा करावा आणि ती जागा भाजीने भरावी. कर्कगेट मार्केटमध्ये बांगडा मिळतो, पर आणि खवले असलेला. फुलकोबी किसून वाफवली तर कालवणाखाली भाताची जागा घेते. वालाच्या बिरड्यात पिष्ट आहे, पण चोथा आणि प्रथिनेही आहेत, म्हणून ते वाटीभर खावे आणि त्यादिवशी भात टाळावा. नारळाच्या दुधात पिष्ट थोडे पण चरबी पुष्कळ, तेव्हा हृदयविकार असलेल्यांनी बेताने घ्यावे. मलिदा चमचाभर आणि किद्दुशचे मनुकांचे शरबत घोटभर पुरे.

आता सर्वांत महत्त्वाचे. भात कमी केला आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर फार खाली जाऊ शकते. इन्सुलिन आणि ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका मोठा आहे; नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना कमी. इंग्लंडच्या मोजणीत ४ च्या खाली आकडा आला की साखर कमी झाली समजावे. भारतातल्या आकड्यासाठी त्याला १८ ने गुणावे, म्हणजे ७२. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे या खुणा. म्हातारपणी अशा वेळी तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते. लगेच छोटा पेला फळांचा रस किंवा ग्लुकोजच्या गोळ्या घ्याव्यात आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. शब्बाथ असला तरी थांबू नये.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कार्बोहायड्रेट एकदम तोडू नये. रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकते, तेही साखरेचा आकडा फार वाढलेला नसताना. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर तातडीने रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा वजन आधीच कमी होत असेल, तर हा आहार आपल्या मनाने करूच नये. वयस्क, अशक्त माणसाची साखर तरुणाइतकी खाली आणायची गरज नसते, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

दारफाळणीच्या सणाचा, म्हणजे योम किप्पुरचा, उपास सुमारे २५ तासांचा. आपला धर्म सांगतो, पिकुआख नेफेश: जीव वाचवणे आधी. गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी सणाच्या काही आठवडे आधी डॉक्टर आणि रब्बी दोघांना विचारावे. खाण्याची वेळ आली तर त्यात लाज नाही.

सुरुवात अशी करावी. दोन आठवडे वहीत जेवणाआधीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर लिहावी, शेजारी काय खाल्ले तेही. मग ती वही आणि सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावी आणि विचारावे, "मी भात अर्धा केला, तर यातले काय कमी करायचे?" उत्तर मिळाल्यावरच ताट बदलावे.