स्वर ओळखणारं पेडल

तार आणि वीज : लेखांक ७

मागच्या लेखांकात वा-वा आणि डिस्टॉर्शन यांची ओळख झाली. या दोन्ही इफेक्टना तुम्ही कोणता स्वर वाजवताय याची काहीच कल्पना नसते. स्वर मंद्रातला असो की तारातला, त्यांचं काम एकाच ठरलेल्या रीतीने चालतं. आज त्याच्या उलट्या घराण्याकडे वळू. हे इफेक्ट आधी स्वर ओळखतात आणि मग त्या स्वराला शोभेल असा आवाज घडवतात.

याची गरज का पडते हे लग्नसराईत वाशिम, रिसोड, कारंज्याकडे ऑर्केस्ट्रात गिटार धरणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. एक गाणं गायक काळी एकमध्ये गातो. तेच गाणं दुसऱ्या दिवशी गायिका काळी चारमध्ये गाते. गिटारवाला तोच तुकडा सात फ्रेट वर सरकवून वाजवतो. पेडल तेच, बटणं तिथेच, तरी कालचा धारदार आवाज आज बोथट येतो. मग दोष स्पीकरला दिला जातो, नाहीतर तारांना. खरं कारण साध्या हिशेबात आहे.

कोणतीही तार छेडली की मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे हार्मोनिकही वाजतात. आवाजाची धार त्यांच्यामुळे येते. समजा, तुमचा फिल्टर १००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापतो. काळी एकचा सा गिटारवर १३८.६ हर्ट्झला येतो, म्हणजे मूळ स्वर धरून सात हार्मोनिक फिल्टरखालून सुटतात. काळी चारचा सा २०७.७ हर्ट्झला. आता सुटतात फक्त चार. टोकाची दोन उदाहरणं घ्या. सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ८२.४ हर्ट्झ, म्हणजे बारा हार्मोनिक. सगळ्यात पातळ तार बाराव्या फ्रेटवर ६५९ हर्ट्झ, म्हणजे मूळ स्वर एकटा उरतो, बाकी सगळे कापले जातात. एकाच सेटिंगमध्ये खालचा स्वर झणझणीत आणि वरचा मुका का, याचं उत्तर हेच.

आवाजाचा पोत स्वराप्रमाणे बदलला पाहिजे, ही जाण आपल्याकडे विजेच्या कितीतरी आधीपासून आहे. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी पाहा. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा दोरा असतो आणि तो प्रत्येक तारेसाठी वेगळा सरकवून जागेवर बसवतात. खर्जाच्या तारेचा दोरा जोडाच्या तारेला चालत नाही. तंबोरा दुसऱ्या पट्टीत लावला की दोरे पुन्हा हलवावे लागतात, नाहीतर तार बोलत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्या कारागिरीचं सगळ्यात मोठं मोल वाटतं ते या जाणिवेत, की टोन हा वाद्याचा एकच ठरलेला गुण नसून तो स्वरागणिक जुळवायचा असतो.

सिंथेसायझरमध्ये हेच काम पट्टी दाबली की होतं. कोणती पट्टी दाबली हे यंत्राला ठाऊकच असतं, त्यामुळे फिल्टरची हद्द स्वरासोबत वर नेणं सोपं. फिल्टर नेहमी मूळ स्वराच्या सहापट ठेवा असं सांगितलं, तर ८२.४ हर्ट्झला तो ४९४ वर थांबेल आणि ६५९ हर्ट्झला ३९५४ वर जाईल. प्रत्येक स्वराला बरोबर सहा हार्मोनिक. ऐकायला मात्र हे फार काटेकोर, निर्जीव वाटतं. माणसाच्या गळ्यात स्वर वर गेला तरी तोंडाची आणि घशाची पोकळी त्या प्रमाणात लहान होत नाही, म्हणून वरचा स्वर खालच्याची नक्कल वाटत नाही. माझं मत निम्म्या पाठलागाच्या बाजूचं आहे : स्वर एक सप्तक चढला तर फिल्टर अर्धं सप्तक चढवायचा. मग तीन सप्तकांच्या प्रवासात तो ४९४ वरून साधारण १४०० पर्यंतच जातो. वरचे स्वर मोकळे होतात, पण किंचाळत नाहीत.

गिटारची अडचण अशी की तिथे पट्टी नाही. पिकअपमधून येते ती नुसती हलती वीज, आणि तीतून स्वर हुडकावा लागतो.

सुरुवातीच्या यंत्रांनी हा प्रश्न चतुराईने टाळला. रॉजर मेयर यांनी गिटारवादक जिमी हेंड्रिक्ससाठी बनवलेलं ऑक्टेव्हिया १९६७ मध्ये ‘पर्पल हेझ’ या गाण्यात वाजलं. ते स्वर ओळखतच नाही. लहरीचा खालचा अर्धा भाग उलटून वर आणतं, त्यामुळे एका आवर्तनात दोन उंचवटे होतात आणि वरच्या सप्तकातला स्वर ऐकू येतो. १९८२ च्या बॉस ओसी-२ मध्ये लहर किती वेळा शून्यरेषा ओलांडते यावर लक्ष ठेवून निम्म्या गतीची नवी लहर तयार होते, म्हणजे खालचं सप्तक मिळतं. रोलँडने १९७७ मध्ये जीआर-५०० आणि १९८० मध्ये जीआर-३०० आणलं. त्यात सहा तारांना सहा वेगळे पिकअप होते, म्हणून प्रत्येक तारेचा स्वर स्वतंत्रपणे ओळखता आला. पॅट मेथेनींच्या गिटारचा तो तुतारीसारखा लांब आवाज याच जीआर-३०० चा. पुढे १९८९ मध्ये डिजिटेकच्या व्हॅमीने पायाखालचं पेडल दाबून स्वर अख्खं सप्तक वर नेण्याची सोय केली.

संगणकाच्या काळात स्वर ओळखायची पद्धत बदलली. लहरीची एक प्रत घेऊन ती मूळ लहरीवर थोडी थोडी सरकवायची आणि किती सरकवल्यावर ती स्वतःशीच जुळते ते पाहायचं. तेवढा वेळ म्हणजे एक आवर्तन, आणि त्यावरून कंपनसंख्या. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून आणणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलसाठे शोधण्यासाठी जमिनीतून परत येणाऱ्या कंपनांचं विश्लेषण करत. तिथलं हेच गणित त्यांनी गळ्याला लावलं.

पण गणित कितीही चांगलं असलं तरी स्वर ओळखायला निदान दोनेक आवर्तनं ऐकावी लागतात. पातळ मोकळ्या तारेची दोन आवर्तनं सहा मिलिसेकंदांत होतात. जाड तारेला २४ लागतात. २४ मिलिसेकंदांत ध्वनी आठ मीटर जातो. म्हणजे खर्जात वाजवताना तुमचा स्पीकर मंडपात आठ मीटर मागे नेऊन ठेवल्यासारखा उशीर होतो, आणि ढोलकीच्या जलद ठेक्यात तो बोटांना जाणवतो. म्हणून अशा इफेक्टवर जलद तुकडे मधल्या आणि पातळ तारांवर घ्यावेत.

चुकाही ठरावीक जागी होतात. घोडीजवळच्या पिकअपवर दुसरा हार्मोनिक अनेकदा मूळ स्वरापेक्षा जोरात असतो. पेडल त्यालाच मूळ स्वर समजतं आणि आवाज मधेच सप्तकभर उडी मारतो. मानेकडचा पिकअप लावा आणि टोनचं बटण खाली आणा, हे प्रकार बहुतेक थांबतील. दुसरी चूक दोन स्वर एकत्र वाजवल्यावर होते. सा आणि प यांचं प्रमाण २:३. दोन्ही मिळून होणारी लहर सा च्या निम्म्या गतीने पुन्हा पुन्हा येते, म्हणून एकाच स्वरासाठी केलेलं पेडल तिथे मंद्राचा सा ऐकतं, जो तुम्ही वाजवलाच नव्हता. २००५ च्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या पॉगपासून अनेक स्वर एकत्र सांभाळणारी पेडलं मिळू लागली. तुमच्याकडचं पेडल त्या जातीचं नसेल तर न वाजणाऱ्या तारा तळहाताने दाबून ठेवायची सवय लावलीच पाहिजे.

आपल्याकडच्या मंडपात आणखी एक शत्रू असतो : घरघर. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि घरघरीत १०० हर्ट्झही भरपूर असतो. गिटारच्या खालच्या दोन तारा ८२.४ आणि ११० हर्ट्झच्या, म्हणजे घरघर बरोबर त्यांच्या मधे बसते. तुम्ही हात थांबवला की स्वर शोधणारं पेडल त्या घरघरीलाच स्वर मानून गुरगुरायला लागतं. घरघर अडवणारा नॉइज गेट सगळ्यात आधी लावा, त्यानंतर स्वर ओळखणारं पेडल, आणि डिस्टॉर्शन त्याच्याही नंतर. डिस्टॉर्शन आधी आलं तर लहरीत इतके नवे हार्मोनिक मिसळतात की ओळखणं कठीण होतं. गिटारची वीज आणि रोषणाईच्या डिमरची वीज एकाच बोर्डावरून घेऊ नका. मे महिन्यात उघड्या मंडपात वाजवायचं असेल तर दर दोन-तीन गाण्यांनंतर ट्यूनर पाहा. उन्हाच्या तापाने पोलादी तार सैल पडते आणि स्वर उतरतो.

आता रागदारीकडे, कारण आपल्या गाण्यांचा जीव तिथे आहे. मल्टीइफेक्टमधला ‘हार्मनी’ इफेक्ट तुमच्या स्वरावर सप्तकातला तिसरा स्वर जोडतो. त्याला शुद्ध स्वरांचं सप्तक सांगून भूप वाजवा. सा वर ग येतो, ग वर प येतो, ध वर तारसप्तकाचा सा येतो. इथवर ठीक. पण रे वर म येतो आणि प वर नी येतो, आणि भूपात दोन्ही वर्ज्य. ऐकणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण भूप बिघडला हे कळेल. मींडेचं नुकसान याहून मोठं. तार ओढून एक पूर्ण स्वर चढवला तर कंपनसंख्या १२ टक्के वाढते आणि मधल्या सगळ्या श्रुती त्या ओढीत येतात. हार्मनी इफेक्ट मात्र जोडलेला स्वर पायऱ्यांनी चढवतो. तुमची मींड सरळ आणि तिची सोबत ठेचाळत. याउलट सप्तक जोडणारा किंवा फिल्टर सरकवणारा इफेक्ट मींडेबरोबर सलग सरकतो. भजन, भावगीत, लावणी यांसाठी मी हार्मनीच्या वाट्याला जाऊ नका असंच म्हणेन.

सप्तक जोडतानाही खाली किती जोडायचं ते स्वर पाहून ठरवावं. वरच्या तारांखाली एक सप्तक मिसळलं तर आवाज भरतो. जाड तारेखाली तेच केलं तर ४१ हर्ट्झ होतात. गिटारच्या बारा इंची स्पीकरमधून ते नीट निघत नाहीत, नुसता गाळ साचतो.

वरातीतल्या बेंजोवाल्यांनाही हे सगळं लागू आहे. हे वाद्य जपानी ताइशोगोतोवरून आलं, आणि तो नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये बनवला. बटण दाबून तार अडवली जात असल्याने स्वर पायऱ्यांनी बदलतात, ते ओळखणं पेडलला सोपं जातं. पण आधार-स्वराच्या मोकळ्या तारा सतत घुमत राहतात आणि ओळख फसवतात. सप्तकाचं पेडल लावायचं असेल तर त्या तारांखाली कापडाची पट्टी सरकवून त्या मुक्या करा, किंवा पेडलचं काम असलेल्या गाण्यापुरत्या काढून ठेवा.

फिल्टर स्वराप्रमाणे सरकवण्याची खरी सोय गिटार-सिंथेसायझरमध्ये असते, आणि तो प्रत्येकाच्या खिशाला परवडणारा नाही. त्याशिवायही दोन गोष्टी करता येतात. पहिली, पायाचं पेडल वा-वावर ठेवा आणि हात मानेवर जसा वर जाईल तसा पंजा थोडा थोडा दाबत जा. पायाने केलेला हा पाठलाग सवयीने फार नेमका होतो. दुसरी गोष्ट त्याहून सोपी. गायकाच्या पट्टीसाठी केलेल्या सेटिंगची नक्कल करून गायिकेच्या पट्टीसाठी दुसरं सेटिंग जतन करा. काळी एक ते काळी चार हे अंतर दीडपटीचं आहे. फिल्टर १००० वर असेल तर तो १२०० ते १५०० च्या दरम्यान न्या. नेमका आकडा तुमच्या कानाला ठरवू द्या.

पुढच्या आठवड्यात डिले आणि रिव्हर्ब. तोवर तुमच्या एका आवडत्या गाण्याचं हे दुसरं सेटिंग करून ठेवा आणि दोन्ही पट्ट्यांत वाजवून पाहा.